काम झालं, हे कोणी सांगायचं?

मोबाइलवर आपण एखादं बटण दाबतो तेव्हा पलीकडे ते काम लगेच होतंच असं नाही. बहुतेक वेळा कामाची फक्त एक नोंद होते, ती नोंद रांगेत जाते आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला असलेला एखादा वर्कर, म्हणजे त्याच कामासाठी चालू ठेवलेला एक प्रोग्रॅम, ती सवडीने उचलतो. पावतीची पीडीएफ बनवणं, एसएमएस पाठवणं, परताव्याचे पैसे खात्यात टाकणं, विम्याचा हप्ता वळता करणं, अर्जांची छाननी करणं ही सगळी कामं आता अशी पडद्याआड चालतात. वेबच्या व्यवहारात या अवस्थेसाठी एक अधिकृत आकडाच ठरलेला आहे: २०२. वेबची बोली असलेल्या एचटीटीपीचा पहिला आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक रीती नोंदवणारा दस्तऐवज, १९९६ मध्ये निघाला. त्यात या आकड्याचा अर्थ सांगितला आहे, की विनंती स्वीकारली आहे, पण काम पुरं झालेलं नाही आणि पुढे ते होईलच असंही नाही. हे उत्तर मुद्दाम मोघम ठेवलं आहे, असंही तिथे नमूद आहे.

‘स्वीकारलं’ आणि ‘झालं’ यांच्यामधल्या या पट्ट्यात आज लोकांचे पैसे, तिकिटं, अर्ज आणि औषधांच्या ऑर्डरी अडकून असतात. म्हणून काम पुरं झालं हे ठरवायचं कोणी, कशावरून, आणि ते लिहून ठेवायचं कुठे, हा प्रश्न सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बैठकांपुरता ठेवणं मला धोक्याचं वाटतं. गेल्या साठ वर्षांत याची उत्तरं कशी बदलत गेली ते पाहिलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. रांग सांभाळणाऱ्या यंत्रणेला काम झालं की नाही हे कळत नसतं. ते फक्त त्या वहीला कळतं, जिच्यात कामाचा परिणाम लिहिला जातो. ज्यांनी हे ध्यानात ठेवून यंत्रणा बांधल्या त्यांच्या टिकल्या. ज्यांनी रांगेच्या शब्दावर विसंबून हिशेब केले त्यांनी स्वतःचं किंवा इतरांचं मोठं नुकसान केलं.

सुरुवात तशी चांगली झाली होती. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमला काम सांगायचं ते पंचकार्डांच्या गठ्ठ्यातून, जेसीएल नावाच्या भाषेत. एका जॉबचे अनेक टप्पे असत आणि प्रत्येक टप्पा संपताना एक आकडा मागे ठेवून जाई. शून्य म्हणजे सगळं ठीक. ४ म्हणजे काम झालं, पण एक इशारा आहे. ८ म्हणजे चूक आहे, १२ म्हणजे गंभीर चूक, १६ म्हणजे पुढे जाताच आलं नाही. पुढचा टप्पा चालवायचा की वगळायचा हे या आकड्यावर ठरे. जेसीएलची बदनामी पुष्कळ झाली. अट खरी ठरली तर टप्पा चालवायचा नाही, अशी तिची उलटी रीत होती आणि शिकाऊ लोक हमखास तिथे अडखळत. ज्या प्रकल्पातून ती आली त्याचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनीच उतारवयात तिच्याबद्दल अत्यंत कठोर शब्द लिहिले. तरी त्या व्यवस्थेत दोन गुण होते आणि ते आपण पुढे गमावले. एक म्हणजे काम ‘झालं’ याला पायऱ्या होत्या. झालं, पण जरा बघून घ्या, हे सांगण्याची सोय होती. दुसरं म्हणजे तो आकडा छापील कागदावर येऊन, निकालासोबत, ज्याने काम दिलं त्याच्याच हाती पडत असे. काम घेणारं, करणारं आणि नोंदवणारं यंत्र एकच असल्यामुळे हे जमलं.

यंत्रं दोन झाली आणि मध्ये तार आली, तेव्हा ही सोय संपली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातले अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्युबर यांनी १९७५ मध्ये एका शोधनिबंधात हा पेच मांडला. निरोप हरवू शकत असेल तर दोन टोकांना एकाच गोष्टीबद्दल पक्की खात्री कधीच होऊ शकत नाही. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींची गोष्ट म्हणून रूढ केलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे आणि हल्ला दोघांनी एकाच वेळी करायला हवा. पहिल्याने दूत पाठवला. तो पोचला का हे त्याला कळायचं तर दुसऱ्याने उलट दूत पाठवायला हवा. मग तो उलट दूत पोचला का, हे दुसऱ्याला कळत नाही. कितीही दूत पाठवले तरी शेवटच्या निरोपाबद्दलची शंका उरतेच. वर्कर आणि रांग यांच्यात नेमकं हेच घडतं. वर्करने काम केलं आणि ‘झालं’ असा निरोप पाठवला. तो वाटेत हरवला तर रांगेच्या लेखी काम झालेलंच नाही. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी याहून कडक गोष्ट सिद्ध केली. निरोपाला किती वेळ लागेल याची मर्यादाच नसेल आणि एखादं यंत्र बंद पडण्याची नुसती शक्यता असेल, तर सगळ्या यंत्रांचं एकमत दर वेळी घडवून आणेल अशी रीतच अस्तित्वात नाही. मुळाशी साधी अडचण आहे: हळू चालणारं यंत्र आणि मेलेलं यंत्र लांबून सारखंच दिसतं.

हे नुसतं गणित नव्हतं. ईमेलला याचा चटका लवकरच बसला. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपीच्या नियमांत पत्राच्या शेवटी एका ओळीवर एकटा पूर्णविराम पाठवायचा, की घेणाऱ्या संगणकाने २५० हा आकडा पाठवून पत्र मिळाल्याचं कळवायचं, अशी पद्धत होती. पण पूर्णविराम मिळाल्यावर पलीकडचा संगणक काय करायचा? पत्ता एखाद्या मोठ्या यादीचा असेल तर ती यादी उलगडायला बसायचा, पत्रं प्रत्यक्ष पोचवायला घ्यायचा, आणि हे सगळं उरकल्यावर २५० म्हणायचा. तोवर पाठवणाऱ्याचा धीर सुटे, तो जोडणी तोडे आणि थोड्या वेळाने तेच पत्र पुन्हा पाठवे. लोकांच्या टपालपेटीत एकाच पत्राच्या अनेक प्रती येऊन पडू लागल्या. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये केवळ या एका दुखण्यावर आरएफसी १०४७ लिहिला. त्याचं सार असं, की पत्राची जबाबदारी घेतली हे चटकन कळवा आणि बाकीची मेहनत नंतर करा. पुढच्या वर्षी आलेल्या आरएफसी ११२३ मध्ये पाठवणाऱ्यालाही सांगितलं गेलं, की शेवटच्या पूर्णविरामानंतर किमान १० मिनिटं वाट बघा, कारण इथे घाई केली तर पत्र दुप्पट होतं.

आजच्या रांगांचं सगळं शहाणपण पार्ट्रिज यांच्या या छोट्याशा दस्तऐवजात आहे, असं मला वाटतं. ‘जबाबदारी घेतली’ आणि ‘काम पुरं केलं’ या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात, आणि पहिलीला दुसरी समजण्याची चूक महागात पडते.

त्याच दशकात एमआयटीतल्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी टोक-ते-टोक हा सिद्धान्त मांडला. १९८४ मध्ये नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या निबंधात एमआयटीच्याच जाळ्यातला प्रसंग आहे. तिथे प्रत्येक टप्प्यावर डेटाची तपासणी होई, म्हणून लोक निर्धास्त होते. पण मधल्या एका गेटवेमध्ये दोष होता. माहिती एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवताना तो मधूनच दोन बाइट्सची अदलाबदल करायचा, साधारण दहा लाख बाइट्समागे एकदा. टप्प्यांवरची तपासणी दर वेळी बरोबर उतरत राहिली आणि एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फायली हळूहळू नासत गेल्या. अखेर जुन्या छापील प्रतींशी ओळ न् ओळ ताडून त्या दुरुस्त कराव्या लागल्या. लेखकांचं म्हणणं होतं, की फाइल बरोबर पोचली हे फक्त शेवटचं टोक ठरवू शकतं. मधल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं तरी त्यावरून ते सिद्ध होत नाही.

आपल्याकडच्या टपाल खात्याने हे शंभर वर्षं आधी व्यवहारात आणलं होतं. १८८० मध्ये सुरू झालेल्या मनिऑर्डरच्या फॉर्मलाच खाली एक पोचपावती असे. मुंबईतल्या गिरणी कामगाराने गावी पैसे पाठवले की खिडकीवर मिळालेली पावती म्हणजे टपाल खात्याने काम स्वीकारल्याचा पुरावा. काम झाल्याचा पुरावा वेगळा. पोस्टमनने पैसे हातात दिल्यावर आई किंवा बायको ज्यावर सही करी किंवा अंगठा उठवी, तो कागदाचा तुकडा मुंबईला परत येई. पैसे मिळाले हे पैसे घेणाऱ्याने सांगायचं आणि पाठवणाऱ्याला सांगायचं, अशी ती रीत होती. २०१५ मध्ये जुनी मनिऑर्डर बंद झाली तोवर ती चालू होती.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र मधल्या रांगेचं महत्त्व वाढत गेलं, आणि त्याला सबळ कारणं होती. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने १९८० च्या दशकात वॉल स्ट्रीटच्या दलालांसाठी माहितीची एक सामाईक वाहिनी बांधली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं पुढे टिबको या कंपनीच्या नावात आली. आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३ मध्ये आलं आणि बँकांच्या मेनफ्रेम एकमेकींशी रांगेतून बोलू लागल्या. त्या काळातल्या अभियंत्यांना डेटाबेसची शिस्त ठाऊक होती. रांगेतून निरोप काढणं आणि खात्यात नोंद करणं या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात बांधायच्या, दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. जिम ग्रे यांनी १९९५ मध्ये रांगा म्हणजे डेटाबेसच आहेत असा निबंध लिहिला, तो याच विचारातून. दिवस-दिवस चालणाऱ्या कामांना एवढा वेळ कुलूप लावून ठेवता येत नाही, यावर गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मध्येच सागा नावाचा तोडगा सुचवला होता. मोठ्या कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासाठी तो उलटवणारं कामही आधीच लिहून ठेवा. तो निबंध पंचवीसेक वर्षं पुस्तकातच राहिला आणि मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एका मोठ्या प्रणालीऐवजी छोट्या स्वतंत्र सेवा, आल्यावर सगळ्यांना एकदम आठवला.

मायक्रोसर्व्हिसेसचा काळ साधारण २०१४ पासून धरतात. त्या वर्षी जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने हे नाव घरोघर पोचवलं. पण पाया आधीच पडला होता. ॲमेझॉनने एसक्यूएस ही रांगेची सेवा २००४ मध्ये चाचणीसाठी खुली केली आणि २००६ मध्ये तिचं नियमित रूप आणलं. रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आलं. २००९ मध्ये पायथनवाल्यांना सेलरी मिळालं आणि गिटहबने रुबीवाल्यांसाठी रेस्क्यू खुलं केलं. कुठल्याही नवख्या प्रोग्रॅमरला आता एका दुपारी रांग उभी करता येऊ लागली. ही मोठी सोय होती आणि तिच्यामुळे किती छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या हे आपण पुण्यात, बेंगळुरूत पाहिलं आहे. पण सोबत एक गोष्ट निसटली. प्रत्येक सेवेचा डेटाबेस वेगळा, रांग तिसरीकडे, आणि दोघांना एका व्यवहारात बांधणारं कुणी नाही.

एसक्यूएसची रचना प्रामाणिक आहे. वर्करने निरोप उचलला की तो रांगेतून जात नाही, काही वेळ फक्त इतरांना दिसेनासा होतो. ही मुदत काही न सांगता ठेवली तर ३० सेकंदांची असते. तेवढ्यात काम उरकून वर्करने निरोप पुसायचा. पुसला नाही तर तो पुन्हा दिसू लागतो आणि दुसरा वर्कर तो उचलतो. आता कामालाच ३१ सेकंद लागली तर? पहिला वर्कर जिवंत आहे, काम नीट चाललं आहे, आणि तेच काम दुसराही करायला लागला आहे. पार्ट्रिज यांच्या पूर्णविरामाची तीच कथा. सेलरीत याच्या उलट धोका आहे. त्याचा मूळ कल असा, की काम सुरू करण्याच्या आधीच रांगेला ‘मिळालं’ म्हणून कळवून टाकायचं. मधेच वीज गेली किंवा मेमरी संपून प्रोसेस मारली गेली, तर काम अर्धवट राहतं आणि रांग मोकळी होते. उशिरा कळवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते. दोन्ही रचनांमध्ये चूक नाही. एकीत काम दोनदा होऊ शकतं, दुसरीत ते एकदाही न होण्याची शक्यता असते. कुठल्या कामाला कुठली जोखीम चालेल हे ज्याचं काम आहे त्याने ठरवायचं असतं, आणि नेमका तोच निर्णय अनेक ठिकाणी कुणीही जाणीवपूर्वक घेतलेला नसतो. जे मुळात ठेवलेलं असतं तेच चालू राहतं.

काफ्का नावाच्या प्रणालीने प्रश्नाची मांडणीच बदलली. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात वाढलेल्या, तिथल्याच पीआयसीटीतून अभियंता झालेल्या नेहा नारखेडे यांनी ते घडवलं आणि २०११ मध्ये खुलं केलं. काफ्कात निरोप वाचला म्हणून पुसला जात नाही. ती एक लांबत जाणारी वही आहे आणि वाचणारा कुठवर आला याची खूण वेगळी ठेवली जाते. म्हणजे चूक झाली तर खूण मागे नेऊन तेच पान पुन्हा वाचता येतं. रांगेला वहीच्या जवळ आणणारी ही कल्पना मला गेल्या वीस वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१७ मध्ये काफ्काच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीचा परिणाम नेमका एकदाच होण्याची हमी आली तेव्हा नारखेडे यांनी ती कशी शक्य झाली हे सविस्तर लिहिलं, आणि जगभर वाद झाला, कारण दोन सेनापतींचा पेच सगळ्यांना पाठ होता. ती हमी खरी आहे आणि तिची हद्दही स्पष्ट आहे. काफ्कातून वाचायचं, प्रक्रिया करायची आणि काफ्कातच लिहायचं, एवढ्या वर्तुळात ती लागू पडते, कारण परिणाम आणि खूण दोन्ही एकाच वहीत एकत्र लिहिता येतात. त्या वर्तुळाबाहेर पाठवलेला एसएमएस किंवा बँकेला दिलेला आदेश तिच्यात येत नाही. वापरणाऱ्या अनेकांनी हमीचं नाव ऐकलं आणि हद्द वाचलीच नाही.

एका कामाची पोरं अनेक असली की प्रश्न आणखी बिकट होतो. समजा, हजार ग्राहकांची बिलं काढायची आहेत. मूळ जॉब हजार छोटे जॉब रांगेत टाकतो आणि सगळे संपले की अहवाल पाठवायचा असतो. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे हजाराचा एक आकडा ठेवायचा आणि प्रत्येक पोराने संपताना त्यातून एक वजा करायचा. पण एखादं पोर दोनदा चाललं तर दोन वजा होतात. ९९९ बिलंच निघालेली असताना आकडा शून्यावर येतो आणि अहवाल रवाना होतो. एखादं पोर निमूटपणे मेलं तर आकडा एकवर अडकतो आणि मूळ काम कायमचं ‘चालू आहे’ असं दिसत राहतं. यावर उपाय असा, की आकडा ठेवायचाच नाही. कुठल्या पोराचं काम झालं त्यांच्या क्रमांकांची यादी ठेवायची. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तरी यादी बदलत नाही, आणि राहिलेला कोण हे नावानिशी कळतं.

या हिशेबाची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीने मोजली. तिच्या प्रणालीत मोठी ऑर्डर आली की तिच्या छोट्या ऑर्डरी करून बाजारात पाठवायच्या आणि भरलेल्या शेअर्सची बेरीज करत राहायचं, बेरीज पुरी झाली की थांबायचं, अशी योजना होती. पॉवर पेग नावाचा एक जुना भाग कंपनीने २००३ पासून वापरणं थांबवलं होतं, पण तो सर्व्हरवर तसाच पडून राहिला. २००५ मध्ये ती बेरीज करणारा कोड प्रणालीतल्या दुसऱ्या जागी हलवला गेला आणि त्यानंतर पॉवर पेग चालवला तर तो थांबेल का हे कुणी तपासलं नाही. २०१२ च्या जुलैअखेर नवा कोड आठ सर्व्हरवर चढवताना एक सर्व्हर राहून गेला. पॉवर पेग चालू करणारी जुनीच खूण नव्या कोडने नव्या अर्थाने वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. ऑर्डर भरली गेली हे त्याला कळण्याचा मार्ग सात वर्षांपूर्वीच तुटला होता, त्यामुळे तो छोट्या ऑर्डरी पाठवत राहिला. ग्राहकांच्या मूळ ऑर्डरी होत्या २१२. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाख सौदे झाले, ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर्सचे. तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात एका वाक्याएवढी बाब आहे आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यात आहे. नाइटच्याच प्रणालीच्या दुसऱ्या एका भागाला मूळ ऑर्डरी भरल्या गेल्याचं कळलं होतं, पण ही माहिती ऑर्डरी पाठवणाऱ्या भागापर्यंत पोचत नव्हती. वहीत ‘झालं’ लिहिलेलं होतं आणि काम करणारा ती वही पाहत नव्हता. घाबरलेल्या चमूने मधेच बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला आणि नुकसान वाढलं. वर्ष संपायच्या आत कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करायचं ठरलं.

नाइटचे पैसे भांडवलदारांचे होते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये भरडले गेले ते साधे लोक. तिथल्या होरायझन या संगणक प्रणालीत २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डाल्मेलिंग्टनच्या शाखेत एक दोष उघड झाला. ८,००० पौंडांची रोकड मिळाल्याची नोंद करताना पडद्यावरचं बटण दाबूनही पडदा पुढे सरकेना. काम झालं की नाही याचा काहीच संकेत नव्हता, म्हणून ते बटण पुन्हा दाबलं गेलं. प्रत्येक वेळी नवी नोंद पडत होती. ८,००० ची नोंद चारदा झाली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. हा एक दोष होता, पुष्कळ दोषांपैकी एक, आणि सगळ्या खटल्यांचं मूळ त्यात नाही. पण त्याच प्रणालीच्या आकड्यांवर विश्वास ठेवून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरीसारख्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनच्या दोषांवर निकाल दिला आणि शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. बटण दोनदा दाबलं तर काय होईल, हा प्रश्न अभियंत्याला किरकोळ वाटतो. दाबणाऱ्याच्या दृष्टीने तो अब्रूचा प्रश्न असू शकतो.

तांत्रिक उपाय नवे नाहीत. प्रत्येक कामाला मागणाऱ्यानेच एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक परिणामासोबत एकाच व्यवहारात लिहायचा, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा आलं तर वहीच सांगेल, की हे झालं आहे, हे घ्या उत्तर. रांगेत टाकायचा निरोपही आधी त्याच डेटाबेसच्या एका तक्त्यात लिहायचा आणि मग वेगळ्या प्रोग्रॅमने तो उचलून रांगेत टाकायचा, म्हणजे खात्यात नोंद आहे पण निरोपच गेला नाही असं होत नाही. आणि रोज रात्री दोन्ही बाजूंच्या वह्या जुळवायच्या. बँकेतल्या कारकुनांना हे संगणक येण्याआधीपासून ठाऊक होतं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपाय कोडमधला नाही, नियमातला आहे, आणि तो आपल्या देशात झाला. २०१६ मध्ये एनपीसीआयने यूपीआय सुरू केलं. त्यात पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, मधलं एनपीसीआयचं केंद्र आणि ॲप अशा अनेक यंत्रणांमधून एक व्यवहार जातो. खात्यातून पैसे गेले आणि पलीकडच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर व्यवहार झाला की फसला हे त्या क्षणी कुणालाही माहीत नसतं. दोन सेनापतींमधली दरी इथेही आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने ती बुजणार नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ही दरी मान्य केली आणि तिच्यावर मुदत घातली. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि पलीकडे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांसाठी पाच दिवस. एटीएममधून नोटा न येता खातं कापलं गेलं तरी पाच दिवस. मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची.

या नियमाने तीन गोष्टी एकदम केल्या. ‘माहीत नाही’ ही अवस्था अधिकृत ठरवली. ती किती काळ चालेल हे सांगितलं. आणि त्या काळाचा खर्च, यंत्रणेचा दोष असेल तर, यंत्रणेवर टाकला. त्यानंतर बँकेच्या संगणक विभागाला आपल्या रांगेत काय अडकून पडलं आहे हे रोज पाहण्याचं आर्थिक कारण मिळालं. कुठल्याही व्याख्यानाने किंवा उत्तम पद्धतींच्या यादीने हे साधलं नसतं.

आता हेच पैशांच्या पलीकडे जायला हवं. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा दावा, सातबाऱ्यावरची फेरफार नोंद, प्रवेशाचं शुल्क ही कामं सरकारी प्रणालींमध्येही आता पडद्यावर ‘आपली विनंती स्वीकारली आहे’ अशा एका वाक्याने सुरू होतात. अशा प्रणालीची निविदा काढताना चार गोष्टी लिहून घ्यायला हव्यात. कुठल्या वहीत कुठली नोंद पडली म्हणजे काम पुरं झालं समजायचं. अर्जदाराने बटण दोनदा दाबलं तर दुसऱ्या वेळी त्याला काय दिसेल. अनिश्चित अवस्था किती दिवसांत, कुठल्या अधिकाऱ्याने संपवायची. आणि ती मुदत उलटली तर अर्जदाराला कार्यालयात खेटे न घालता काय मिळेल. पुढच्या हंगामाच्या पीकविम्याच्या करारापासून याची सुरुवात करता येईल.